सही मिळेल, पण तासांचं काय?

प्रिय ताई,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा कॅथलिक हायस्कूलमध्ये अकरावीला आहे. आम्ही हिंदू, शाळा घेतली ती शिस्त आणि लहान वर्ग पाहून. चार वर्षांत 80 तास समाजसेवा केल्याशिवाय ही शाळा डिप्लोमा देत नाही. त्याचे आत्तापर्यंत 19 झालेत. त्यातले 8 मंडळाच्या गणपतीत खुर्च्या लावल्याचे दाखवलेत, पण खरं सांगायचं तर तासाभरातच तो मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसला होता. बाकीचे तास पुढच्या मार्चपर्यंत भरायचे आहेत. ह्यांच्या एका मित्राचं दातांचं क्लिनिक आहे, ते म्हणतात, ‘40 तास मी लिहून देतो, काळजी सोडा.’ ह्यांचं म्हणणं, सक्तीची सेवा ही सेवाच नव्हे, मग तिचं एवढं सोवळं कशाला? सासूबाईंना निराळीच धास्ती : हा बाटवायचा प्रकार तर नाही ना? मी स्वतः बारा संस्थांना ईमेल केले, दोघांचीच उत्तरं आली. एकदा त्याला गरजूंना फुकट जेवण देणाऱ्या सूप किचनमध्ये पाठवलं, तर ‘ऑकवर्ड वाटलं’ म्हणून पुन्हा जायला तयार नाही. काय करू?

– दमलेली आई

दमलेल्या आईस,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य क्लिनिकचं नाही. ‘मी स्वतः बारा संस्थांना ईमेल केले’ हे आहे. तास मुलाचे, दमलात तुम्ही. यावर नंतर येते, आधी सहीचं बघू.

गेली काही वर्षं मी शनिवारी सकाळी गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या एका फूड पॅन्ट्रीत असते, आणि तिथे येणाऱ्या शाळकरी मुलांच्या फॉर्मवर सही करायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे या प्रश्नाची टेबलापलीकडची बाजू मला ठाऊक आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येणारी मुलं दारातूनच ओळखू येतात. एरवी येणारा मुलगा आधी एप्रन शोधतो. हे आधी फॉर्म काढतात, चार घड्या घातलेला. ‘किती वेळ थांबलं तर किती तास मिळतील?’ हा पहिला प्रश्न. जितका वेळ तितके तास, असं मी म्हणते, आणि त्यांचा चेहरा पडतो.

एकदा मीही चुकले आहे. एक मुलगी अडीच तास होती आणि फॉर्मवर तिने 4 लिहिले. रडकुंडीला आली होती, दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. मी सही केली. पुढच्या शनिवारी तिच्या तीन मैत्रिणी आल्या. तिघींच्या फॉर्मवर वेळ आधीच भरून आणलेली! माझ्या दयाळूपणाची ख्याती शाळेत पोचली होती. त्या दिवसापासून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आकडा स्वतःच्या हाताने लिहिते.

आता तुमच्या यजमानांच्या मित्राचं. माणूस चांगला असेल, मदत म्हणूनच म्हणाला असेल. पण ही सही चालायची नाही, आणि नीतीची गोष्ट बाजूला ठेवली तरी चालायची नाही. जवळजवळ प्रत्येक कॅथलिक शाळेच्या फॉर्मवर अट असते की काम ना-नफा संस्थेतलं हवं, बिनपगारी हवं, आणि सही करणारा नात्यातला नको. दातांचं क्लिनिक हा धंदा आहे. नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात ‘व्हॉलंटियर’ म्हणून कोणाला फुकट राबवायची सोय अमेरिकेच्या 1938 च्या मजुरी कायद्यातही नाही. म्हणजे तुमचा मुलगा तिथे खरोखर 40 तास फायली लावत बसला असता, तर त्या मित्राला त्याचा पगार द्यावा लागला असता. आणि मुळात तो तिथे बसलेलाच नाही. शाळेची माणसं फॉर्मवरच्या सुपरवायझरला फोन किंवा ईमेल करून खातरजमा करतात. सगळ्यांना नाही करत, पण एकाच ठिकाणाहून एकदम 40 तासांचा आकडा आला, की करतात. मला असे फोन आले आहेत. त्या वेळी तुमचा मित्र शाळेतल्या माणसाशी खोटं बोलेल आणि तुमचा मुलगा शेजारी बसून ते ऐकेल. तुमच्या घरात हे दृश्य हवं आहे का, एवढंच यजमानांना विचारा.

सक्तीची सेवा ही सेवा नव्हे, हा त्यांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यावर इथे कोर्टकज्जे झालेत. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावच्या सरकारी शाळांनी 60 तासांची अट घातली, तेव्हा काही पालकांनी दावा लावला की ही वेठबिगारी आहे, गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा हा भंग आहे. 1993 मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला. मेरीलँडमध्ये तर सरकारी शाळेतून पास व्हायचं तरी 75 तासांची अट आहे. तुमची शाळा खाजगी. प्रवेशाच्या वेळी हँडबुक वाचलं म्हणून तुम्ही दोघांनी सही केली असणार. (वाचलं कोणीच नसतं. मीही नव्हतं.) आणि सक्तीचं म्हणाल, तर बीजगणित तरी कुठे आपखुशीने शिकला तो? सक्तीने सुरू झालेल्या काही गोष्टी अंगवळणी पडतात, काही पडत नाहीत. शाळा फक्त दारापर्यंत नेते.

सासूबाईंसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यांची शंका साहजिक आहे आणि ‘काही नाही हो आई’ म्हणून ती जाणार नाही. कॅथलिक शाळेत ही अट जिथून येते ती जागा म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. यात मृताला मूठमाती देणं मिळवून चर्चच्या परंपरेत दयेची सात कामं मानतात. शाळेच्या फॉर्मवर ‘डायरेक्ट सर्व्हिस’ असा जो रकाना असतो ना, तो या यादीतून उतरलेला आहे. म्हणून तर माणसाशी समोरासमोर गाठ पडेल असं काम त्यांना हवं असतं. निधी जमवायला केक विकले, बागेतला कचरा गोळा केला, तर काही शाळा ते धरतात आणि काही अर्धंच धरतात. या यादीत ‘ख्रिस्ती कर’ असं काम नाही. तुमच्या मुलाने कोणाला बायबल वाटायचं नाही, त्याला कोणी वाटणार नाही. त्याला प्रार्थना करायला लावतील का? सूप किचनमध्ये वाढणी सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहतात, तो नुसता शांत उभा राहिला तरी चालतं. सासूबाईंना आणखी एक सांगा. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये इतर धर्मांविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात हिंदू धर्माचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. शाळेतल्या थिऑलॉजीच्या वर्गात हा जाहीरनामा बहुतेक वेळा शिकवतातही. मुलाला विचारा, त्याने टिपणं काढली असतील तर.

गुरुद्वाऱ्याचं लंगर किंवा देवळातर्फे चालणारं अन्नवाटप चालेल का, हेही त्याने शाळेत विचारावं. बऱ्याच ठिकाणी चालतं, कारण मुद्दा भुकेल्याचा असतो. जे सहसा चालत नाही ते म्हणजे आपल्याच लोकांच्या कार्यक्रमात खुर्च्या लावणं. मंडळाच्या गणपतीत ज्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या ते सगळे आपापल्या गाड्यांतून आले होते, हे शाळेतल्या माणसालाही कळतं. रविवारच्या मराठी शाळेत लहानांना शिकवणं कदाचित बसेल. शिकवणं हे काम आहे.

तर ते 8 तास. मला वाटतं ते काढून टाकावेत, आणि मुलानेच काढावेत. शाळेत धार्मिक उपक्रम बघणारं कॅम्पस मिनिस्टर नावाचं पद असतं, सेवेचे तास बहुतेक तिथेच नोंदवतात. त्याने जाऊन एवढंच म्हणायचं, ‘हे 8 माझे नाहीत, मी तिथे तासभरच होतो, ते खोडा.’ तुम्ही सोबत जायचं नाही, आधी ईमेल टाकून वाट साफ करायची नाही. त्याला ओरडा बसेल का? थोडा बसेल. पण त्या खोलीत रोज कोणी ना कोणी आणखी मुदत मागायला येत असतं. आपणहून तास कमी करायला आलेला मुलगा त्या माणसाने क्वचितच पाहिला असेल.

म्हणजे उरले 69. दर शनिवारी तीन तास धरले तर 23 शनिवार. टेनिसचे सामने, एसएटी, आजारपण, भारतवारी सगळं वगळूनही मार्चच्या बऱ्याच आधी होतात. आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन दिवस गेला तर सप्टेंबर उजाडायच्या आत. त्याचा एक फायदा असा की सीनियरच्या म्हणजे बारावीच्या ऑक्टोबरात, जेव्हा कॉलेजच्या अर्जांनी घरात कोणी कोणाशी धड बोलत नसतं, तेव्हा हे ओझं डोक्यावर नसेल. त्या अर्जांबद्दल एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. कॉमन अ‍ॅप या बऱ्याच कॉलेजांच्या सामाईक अर्जात उपक्रमांच्या दहाच जागा आहेत, आणि तिथे एकूण किती तास हे विचारतच नाहीत. आठवड्याला किती तास आणि वर्षातून किती आठवडे, असं विचारतात. सात संस्थांत चार-चार तास केलेल्या मुलाला तिथे लिहायला काही सुचत नाही. एकाच ठिकाणी 23 शनिवार गेलेल्याला एका ओळीत उत्तर देता येतं.

म्हणून जागा एकच निवडा. म्हणजे, निवडू द्या. हॉस्पिटलच्या नादी या घडीला लागू नका. तिथे क्षयाची तपासणी, फ्लूची लस, मुलाखत, प्रशिक्षण यातच दोन-तीन महिने जातात. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीची घरं बांधायला 16 पूर्ण लागतात, आणि 18 व्हायच्या आत छपरावर चढू देत नाहीत की विजेवर चालणारं हत्यार हातात देत नाहीत. पण रंगकाम असतं, आणि हातांना काम लागणाऱ्या मुलांना ते आवडतं. नर्सिंग होमला मुलं नेहमी हवी असतात. शांत, कमी बोलणारा मुलगा असेल तर तिथे पत्ते खेळायला बसणं हेही काम आहे, आणि समोरची आजी त्याला हरवते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा आसपासच्या एखाद्या चर्चमध्ये सापडेल. त्या सोसायटीची गोष्ट तुमच्या मुलाला सांगण्यासारखी आहे. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला वादविवादात कोणीतरी टोमणा मारला : तुमचं चर्च पूर्वी काय करत होतं ते सोड, आज गरिबांसाठी तुम्ही लोक काय करता? तो चिडला आणि मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला लागला. अन्न, सरपण घेऊन, जिने चढून. ती सोसायटी आजही लोकांच्या घरी जाऊन मदत देते. म्हणजे ज्याला आज आपण शाळेची अट म्हणतो तसलं काम एका टोमण्यापायी सुरू झालं होतं.

आता ते बारा ईमेल. संस्थांची उत्तरं येत नाहीत याचं कारण साधं आहे : आमच्यासारख्या ठिकाणी ईमेल बघणारी एकच बाई असते आणि ती आठवड्यातून दोनदा येते. फोन करावा लागतो, नाहीतर दारात जाऊन उभं राहावं लागतं. आणि फोन आईने केला, तर खरं सांगते, मी मनातल्या मनात त्या मुलाचं नाव खालच्या ओळीत टाकते. आईने बोलावलेला मुलगा दोन शनिवार टिकतो. ज्याने स्वतः अडखळत का होईना विचारलं, ‘मी सोळाचा आहे, तुम्हाला कोणत्या दिवशी माणसं कमी पडतात?’ तो येतो. ‘माझे तास भरायचेत’ याऐवजी ‘माणसं कधी कमी पडतात’ असं विचारायला शिकवा, एवढी मदत तुम्ही जरूर करा. आणि सोडायला जा, कारण न्यू जर्सीत 17 पूर्ण झाल्याशिवाय एकट्याने गाडी चालवता येत नाही. पण गाडीतच बसा, आत येऊ नका. आत आलेल्या आया डबे रचायला लागतात आणि मुलगा भिंतीला टेकतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय!

राहिलं ‘ऑकवर्ड’. या शब्दाला तुम्ही घाबरलात असं दिसतं. मी नाही घाबरत. एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला सूप किचनमध्ये पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं, तर मला त्याचीच जास्त काळजी वाटेल. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक मुलगा होता, असाच एका कॅथलिक शाळेतला, टेबलावर भाज्यांचे डबे देणारा. आमच्या पॅन्ट्रीत लोक स्वतः निवडतात, आपण फक्त विचारायचं, कॉर्न की बीन्स. रांग पुढे सरकली आणि समोर त्याच्याच वर्गातला मुलगा, आईबरोबर, हातात दोन पिशव्या. मी शेजारच्या टेबलावर तांदळाच्या पिशव्या लावत होते, माझा हात थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग याने नेहमीच्याच आवाजात विचारलं, ‘कॉर्न की बीन्स?’ तो म्हणाला, ‘बीन्स.’ आईने मुलाकडे पाहिलं नाही, याच्याकडेही नाही. संपलं. पॅन्ट्री बंद झाल्यावर तो मागच्या अंगणात खोके फोडून सपाट करत बसला, सगळे संपले तरी. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. कोण आलं होतं हे बाहेर बोलायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे, आणि तो त्याला पहिल्या दिवशीच सांगितला होता. नंतर तो येत राहिला की नाही, असं तुम्ही विचाराल. चार शनिवार आला, मग त्याचे तास भरले आणि थांबला. मला वाईट नाही वाटलं.

तर मुलाला विचारा, नक्की कशाचं ऑकवर्ड वाटलं. लोकांशी काय बोलायचं सुचलं नाही म्हणून? मग त्याला मागच्या खोलीत डब्यांवरच्या तारखा तपासायचं काम मागू दे. एक-दोन आठवड्यांत तिथला बोलका माणूस त्याला स्वतःहून ओढून पुढे आणेल. वास सहन झाला नाही? होतं तसं, त्यात कमीपणा नाही, मग जागा बदला. की कोणीतरी आपल्याच वयाचं दिसलं? तर त्यावर तुम्ही काही बोलू नका, त्याला जेवायला वाढा. पोप फ्रान्सिस 2013 मध्ये एकदा लोकांना विचारत होते, की भीक घालताना तुम्ही त्या माणसाच्या डोळ्यांत बघता का, त्याच्या हाताला हात लावता का, की नुसतं नाणं टाकता? डोळ्यांत बघणं अवघड असतं हे पोपलाही ठाऊक होतं, म्हणून तर प्रश्न विचारला. तुमच्या मुलाला ते पहिल्या दिवशी अवघड गेलं, एवढंच झालंय.

तासांच्या शेवटी शाळा एक रिफ्लेक्शन पेपर लिहायला सांगते. तो तुम्ही लिहू नका, एआयकडूनही लिहून घेऊ देऊ नका. ‘मी शिकलो की दुसऱ्यांना मदत केल्याने आनंद मिळतो’ असलं वाक्य शिक्षकांनी त्या वर्षात शंभरदा वाचलेलं असतं. ‘पहिल्या दिवशी मला ऑकवर्ड वाटलं’ इथून सुरू केलं तर ते पान उलटायच्या आधी थांबतील. त्याच्याकडे ते वाक्य तयार आहे.

यजमानांनी मित्राला नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण असणार. सांगा, शाळा धंद्याच्या ठिकाणचे तास धरत नाही. हे खरंच आहे, त्यामुळे मैत्रीला धक्का लागायचं कारण नाही. आणि पुढच्या शनिवारी मुलगा कुठेही जाणार असेल तरी त्याला बंद बूट घालून पाठवा. चपला घालून आलेल्यांना मी पहिल्याच दिवशी परत पाठवते, आणि तो वेळ फॉर्मवर धरत नाही.

– ताई